आण्णासाहेब गौरवग्रंथ, पृष्ठे २११ ते २१९

गणितातला तो जुना पेपर सापडला नसता तर क्षमा बनसोडेचा फायदाच फायदा होता. प्रबंध आहे तसा पुढं गेला असता, उन्हाळ्याच्या आत पीएचडी झाली असती, आणि जूनमध्ये कॉलेजात गणिताची जी एकुलती एक कायम जागा भरायची होती, तिच्या मुलाखतीला ती नावामागं ‘डॉक्टर’ लावून बसली असती. पेपर सापडला तर काय मिळणार होतं? आपण पाच वर्षं राबून जे सिद्ध केलं ते आपल्या जन्माआधीच कुणीतरी सिद्ध करून ठेवलंय, एवढी माहिती. असला सौदा बेंबळीच्या बाजारात शेळी विकणाऱ्यानंही केला नसता. क्षमानं केला, आणि वर त्यासाठी सुट्ट्याही खर्ची घातल्या.

तिचे वडील बुद्धघोष बनसोडे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आता निवृत्त होऊन बेंबळीत असतात. त्यांनी हा हिशेब एकदा ऐकून घेतला आणि चहाचा कप खाली ठेवला.

“सापडला तर तुझं नुकसान. न्हाय सापडला तर तुझा फायदा. आन तूच हुडकायलीस. तुला गणितात पीएचडी देणार कोण?”

“पप्पा, उद्या दुसऱ्या कुणाला सापडला तर?”

“सापडू दे की. त्याचं नशीब.”

“मग मी केलेलं माझं ऱ्हातं का?”

बुद्धघोषांनी कप पुन्हा उचलला. जुना पार्ट नवा म्हणून बसवणाऱ्याला ते डेपोत काय काय म्हणत, ते क्षमानं लहानपणापासून ऐकलं होतं.

प्रश्न होता चौकटींचा. वर्तमानपत्रात सुडोकू येतो तसलीच चौकट, फक्त कितीही मोठी. प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक अंक एकदाच आला पाहिजे. काही घरं आधीच कुणी भरून ठेवली असतील, तर उरलेली चौकट नियमात राहून पुरी करता येते का, आणि कधी येते? यातली एक जात अशी, की कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या एका तिरक्या ओळीतही प्रत्येक अंक एकदाच हवा; तिच्यासाठी क्षमानं उत्तर काढलं होतं. विषम चौकट, म्हणजे सात बाय सात, नऊ बाय नऊ असली, आणि सम चौकट, म्हणजे आठ बाय आठ, दहा बाय दहा असली. दोन्हींचं. तोच तिच्या प्रबंधाचा कणा.

प्रबंध तपासायला गेला आणि एका परीक्षकानं सगळं ठीक म्हणून शेवटी एक ओळ लिहिली. कॅनडातल्या एका प्राध्यापकाच्या १९८१च्या लेखात असं वाक्य आहे, की ‘या प्रश्नाचा विचार बिराजदार यांनी केला आहे’. उमेदवारानं बिराजदार यांचा लेख पाहिला आहे काय?

कॅनडाच्या लेखाखालच्या यादीत सतरावा संदर्भ होता: एम. बिराजदार, आण्णासाहेब गौरवग्रंथ, उस्मानाबाद, १९७४, पृष्ठे २११ ते २१९. बस. ‘विचार केला आहे’ म्हणजे नुसता विचार केला, अर्धा प्रश्न सोडवला की पुरा, याचा पत्ता नाही.

“‘पुष्कळ प्रयत्न करूनही उपलब्ध झाला नाही’ असं लिहा,” तिचे मार्गदर्शक शिवराज सर म्हणाले. “सगळे लिहितात. चालतं.”

“सर, प्रयत्न तर केले पाहिजेत ना आधी.”

“ते वाक्य लिहायला प्रयत्न लागत न्हाईत,” सर म्हणाले. पण अडवलं नाही.

प्रयत्न सुरू झाले. कॅनडाचा प्राध्यापक वारला होता. त्याच्या विभागानं अगत्यानं कळवलं, की त्यांचे कागद केव्हाच निकाली काढले. गणिताच्या लेखांचे जे मोठमोठे कोश असतात त्यांत बिराजदार नव्हते. उस्मानाबाद घालून झालं, धाराशिव घालून झालं, दोन्ही नावांनी संगणक सारखाच गप्प. चेन्नईच्या एका नामांकित ग्रंथालयानं उत्तर पाठवलं, ‘भारतीय गणितज्ञांचे बहुतेक गौरवग्रंथ आमच्याकडे आहेत. प्रा. आण्णासाहेब यांचा नाही. कृपया त्यांचा जन्ममृत्यू आणि अभ्यासविषय कळवावा.’ पुण्याच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांना तिनं फोन केला. ते क्षणभरही अडखळले नाहीत. “आण्णासाहेब ना? हो, हो. माझा चांगला परिचय. मोठा माणूस. जरा फटकळ होते.”

तर क्षमा आण्णासाहेब नावाचा गणितज्ञ शोधत राहिली. इथं तिला हसावं तेवढं थोडं. जन्म बेंबळीचा, नोकरी धाराशिवात, जिल्ह्यात दगड मारला तर कुठल्या ना कुठल्या आण्णासाहेबाला लागायचा, आणि ही चेन्नईला पत्रं पाठवते. पण शिकलेल्या माणसाचं असंच असतं. गौरवग्रंथ म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर एक म्हातारा गणितज्ञ आणि त्याला पेपर अर्पण करणारे शिष्य आले. कागदावर कॅनडाचा शिक्का बसला की घरचा माणूससुद्धा परदेशी दिसायला लागतो.

कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. रोज सही करायला कार्यालयात जायची, आणि हजेरीच्या टेबलावर जो भला मोठा हार घातलेला फोटो आहे, त्याच्या नाकाखाली वाकून सही करायची. एके दिवशी शिपायानं फोटो पुसायला खाली काढला होता, म्हणून पट्टी डोळ्यांसमोर आली. ‘संस्थापक अध्यक्ष मा. आण्णासाहेब. षष्ट्यब्दीपूर्ती समारंभ, १९७४.’

क्षमानं सही दुसऱ्याच्या रकान्यात केली.

आपल्याकडची रीत अशी. माणूस साठीचा झाला आणि त्याच्या हातात एखादी संस्था असली की गौरवग्रंथ निघतो. संस्थेतल्या प्रत्येकाला लेख द्यावा लागतो. मराठीचा माणूस ‘आण्णासाहेब आणि संतपरंपरा’ लिहितो, इतिहासाचा माणूस त्यांना थेट राष्ट्रपुरुषांच्या पंगतीत बसवतो, आणि पीटीचे सर त्यांच्या दंडाचं माप देतात. ग्रंथ वाटला जातो, काचेच्या कपाटात जातो, आणि तिथंच वयात येतो. बिराजदार सर त्या काळी याच कॉलेजात गणित शिकवायचे. स्तुती लिहायला त्यांचा हात धजेना, आणि न लिहून भागेना, म्हणून त्यांनी आपला ताजा पेपर देऊन टाकला, इंग्रजीत, चौकटींसकट. ग्रंथ छापणाऱ्यांनी तो विद्वत्ता म्हणून मधोमध घातला. सुट्या छापील प्रती सरांनी पोस्टानं परदेशी धाडल्या असणार. त्यातली एक कॅनडात पोचली.

कॉलेजच्या ग्रंथालयातली प्रत ‘वाचकाकडे’ होती. वाचक १९९३ साली बदलून गेला होता. राहिलं आण्णासाहेबांचं घर. तिथं त्यांचे चिरंजीव योगीराज, साठी उलटलेले, आताचे अध्यक्ष. जूनची जागा कुणाला द्यायची हेही तेच बघणार.

दिवाणखान्यात काचेचं कपाट होतंच, आणि त्यात एकाच ग्रंथाच्या सतरा-अठरा प्रती ओळीनं. क्षमानं काम सांगितलं.

“थांबा, थांबा, मॅडम,” योगीराज पुढं सरकले. “कॅनडात छापून आलंय? आमच्या आण्णांचं नाव?”

“हो. लेखाच्या शेवटच्या यादीत.”

“इंग्लिशमधी?”

“इंग्लिशमधीच.”

“आमाला इतक्या वर्षांत कुणी बोललं न्हाय!” त्यांनी आत हाक मारली, “वैष्णवी, च्या टाक, आन तुझ्या आजोबांचं कॅनडात नाव झालंय, ये ऐकायला.” मग आवाज खाली आणून, “पण मॅडम, आण्णा तर सातवी. गणिताचं काय काढलंवतं त्यांनी?”

“त्यांनी न्हाय. त्यांच्या ग्रंथात दुसऱ्यानं.”

“मंजे त्यांच्याच आशीर्वादानं की. बगा काय बगायचं ते. ग्रंथ घराभाइर जात न्हाय, तेवडं सोडून. आन एक काम आमचं. म्हैना अखेरीला आण्णांची पुण्यतिथी हाय. तुमी दोन शब्द बोलायचे. ‘आण्णासाहेब आणि जागतिक गणित’.”

क्षमा हो म्हणाली. पान दोनशे अकरासाठी तिनं याहून वाईट गोष्टींनाही हो म्हटलं असतं.

ग्रंथ कडकड आवाज करत उघडला. पहिल्या दोन पानांतच तिला कळलं की आपलं नुकसान झालं. बिराजदारांनी प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं होतं: तिसऱ्या भागात विषम चौकट, चौथ्या भागात त्याच पद्धतीनं सम चौकट. म्हणजे पुरा प्रश्न. तिनं तसंच पुढं वाचत नेलं. तिसरा भाग दोनशे सतराव्या पानावर संपला. विषम चौकट सुटली होती, आणि तिच्या तेवीस पानांच्या जागी पाच पानांत. एक युक्ती होती, दर ओळीला एक घर सरकत जायची, इतकी सोपी की क्षमाला स्वतःचा राग आला.

तिनं पान उलटलं. दोनशे अठरा आणि दोनशे एकोणीस या दोन्ही पानांवर मिळून एक फोटो होता. आण्णासाहेब, डोक्याला फेटा, हातात कुदळ, वसतिगृहाच्या पायाभरणीला. चौथा भाग नव्हता. दोनशे विसाव्या पानावर पीटीच्या सरांचा लेख सुरू होत होता.

“लई झाक फोटो हाय तो,” योगीराज मागून म्हणाले.

शिवराज सरांना मोबाईलवरचे फोटो पाहून आनंद झाला. “सुटलात! सम चौकट छापलेलीच नाही. जे छापलं नाही ते झालं नाही. विषम त्यांची, सम तुमची. प्रबंध दुरुस्त करून द्या.”

“पण प्रस्तावनेत केलंय म्हणतात ते.”

“म्हणायला काय जातंय?”

“आणि कुणी फोटोसाठी ती पानं कापली असतील तर? केलेलं असून गेलं असेल तर?”

सरांनी चष्मा काढला. “क्षमा, तुमची जागा जूनमध्ये आहे.”

हे क्षमालाही ठाऊक होतं. तिनं आधी बिराजदारांची युक्ती सम चौकटीवर स्वतः लावून पाहिली. अडली. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच अडली. आता आपल्याला येत नाही म्हणून अडतंय की ते मुळात जातच नाही, हे तिला ठरवता येईना. युक्ती जर खरंच पुढं जात असेल, तर तिची स्वतःची चाळीस पानांची सिद्धता म्हणजे एका म्हाताऱ्याच्या हरवलेल्या दोन पानांना लावलेलं लांबलचक शेपूट.

महांतप्पा बिराजदार पाच वर्षांपूर्वी वारले होते. त्यांची बायको शरणम्मा माकणीला पुतण्याकडं राहते, हे कॉलेजच्या पेन्शनच्या कारकुनानं सांगितलं. लोहाऱ्याहून वडापची जीप धरून क्षमा माकणीला गेली. शरणम्मा ओसरीवर तूर निवडत बसली होती. ऐंशीला टेकलेली, पण नजर अशी की खडा तिच्या हातातून सुटला नसता.

“बिराजदार सरांच्या लेखाबद्दल आलेय, आज्जी. आण्णासाहेबांच्या ग्रंथातला.”

“त्यात काय हाय?” शरणम्मा म्हणाली. “फोटो हाय आण्णासायबाचा.”

“तोच. ती पानं कुणी काढली? छापखान्यानं?”

“छापखाना कशाला काढंल. ह्येंनीच काढली.”

क्षमा खाली बसली.

“आगं, तपासायला कागद आलते छापखान्यातनं. दोन दिस बसलं बग, पाटीवर चौकटी काढायचं आन पुसायचं. जेवाण न्हाय. मग सायकल काढली. छापखान्यात गेलं तर निम्मी पानं छापूनशान झालती. राह्यलेली दोन पानं मोकळी सोडता येत न्हाईत म्हणला म्हणं छापखानेवाला. मागं पुढं सगळं जुळवलेलं. तर ह्ये गेलं कॉलेजात, तितं छापायचा ठोकळा पडल्याला हुता त्या कुदळीच्या फोटोचा, त्यो घेतला सायकलवर, आन म्हणलं ह्यो टाक.”

“का टाकला? काही बोलले?”

“काय बोलतंय. मानूस आधी हुता ताठ. ‘आण्णासायबाची आरती म्या न्हाय लिवणार’ म्हणूनशान तर हिशेब दिलता लिवून. आन शेवटाला दोन पानाचा फोटो! सगळ्या ग्रंथात येवडा मोठा कुणाच्या लेखात न्हाय. आण्णासायब खुश. म्हैन्याभरात क्वाटर दिली आमाला कॉलेजातली. मग काय, लोक बोलायचेच. ‘बिराजदार सर, आरती ओवाळली, परसाद मिळाला.’ नळावर बाया मला ‘आरतीबाई’ म्हणायच्या. त्ये रिटायर हुईस्तोवर.”

“आणि सर?”

“गप. येक डाव म्याच म्हणलं, लाज कशी वाटली न्हाय तुमाला? तर म्हणलं, ‘शरणम्मा, लोकाचं बोलणं रिटायर हुईस्तोवर. छापल्यालं माघारी येत न्हाय.’ आता ह्येला काय अर्थ हाय का? फोटो बी छापल्यालाच की.” तिनं सुपाला एक हिसका दिला. “म्या लई बोलले त्येंला. किती बारी बोलले, त्येची गणती न्हाय.”

क्षमानं पिशवीतून वही काढली आणि ओसरीवरच सहा बाय सहाची चौकट मांडली. बिराजदारांची युक्ती तिनं यावेळी जमवायला नाही, मोडायला घेतली. दर ओळीला एक घर सरकायचं. विषम चौकटीत असं सरकत गेलं की तिरक्या ओळीवर सगळे अंक एकेकदा भेटतात. सम चौकटीत निम्मे अंक दोनदोनदा भेटतात आणि निम्मे भेटतच नाहीत. रिकाम्या चौकटीत हे कुणालाही दिसेल. पण काही घरं आधीच भरलेली असली की ही गडबड चार पायऱ्या आत जाऊन दडते, आणि तिथं ‘त्याचप्रमाणे’ असं लिहून माणूस पुढं निघून जातो. क्षमा नेमकी तिथंच अडत होती. बिराजदारही तिथंच अडले होते, फक्त त्यांचा कागद तेव्हा यंत्रावर चढायला निघाला होता. प्रस्तावना छापून झाली होती, ती परत घेता येत नव्हती. उरलेल्या दोन पानांवर चूक छापायची, नाहीतर दुसरं काहीतरी. जवळ एकच दुसरं काहीतरी होतं.

तिनं शरणम्माला सांगितलं. चौकट दाखवली, तुरीचे दाणे ठेवून निम्मे कसे भेटत नाहीत ते दाखवलं. शरणम्मानं दाणे नीट पाहिले.

“मंजे चूक झाकायला?”

“चूक छापू नये म्हणून. सर आण्णासाहेबांना खुश करायला गेले नव्हते, आज्जी. त्यांना फक्त दोन पानं भरायची होती.”

“आन मला सांगितलं असतं तर म्या काय गावभर करणार हुते?”

“बहुतेक त्यांना कुणालाच सांगायचं नव्हतं.”

“व्हय,” शरणम्मा म्हणाली. “तसलंच हुतं ते.” मग तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं. क्षमा निघाली तेव्हा विचारलं, “तू आता लिवणार का ह्ये?”

“विषम चौकट सरांनी सोडवली, हे लिहिणार. सम चौकटीची सिद्धता छापलेली नाही, हे लिहिणार. दोन्ही खरंय.”

“आन फोटोचं?”

“फोटो गणितात येत नाही.”

पुण्यतिथीला कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. एका बाजूला आण्णासाहेब, एका बाजूला योगीराज, मध्ये पृथ्वीचा गोळा आणि त्यावर कॅनडाचं लाल पान. ‘जागतिक गणितात धाराशिवचा ठसा’. क्षमाचं नावही होतं, खालून दुसरं.

ती दोनच मिनिटं बोलली. “आण्णासाहेबांच्या ग्रंथात महांतप्पा बिराजदार सरांनी एक अवघड प्रश्न सोडवला. कॉलेजातल्या या माणसाचं नाव आजवर आपण घेतलं नाही, ते घेऊ या. आण्णासाहेबांबद्दल सांगायचं तर, त्या लेखात जिथं चूक व्हायची वेळ आली होती, तिथं ते स्वतः कुदळ घेऊन उभे राहिले. पुढं चूक गेली नाही.” टाळ्या कडाडल्या. योगीराजांनी डोळे पुसले आणि बाहेर गाठून विचारलं, “मॅडम, ते कुदळीचं शास्त्रात बसतं ना?”

“पूर्ण बसतं, दादा.”

“मग जागेचं बगू आपण. पण डिग्री लागती बरं का. नियम हाय.”

डिग्री जूनपर्यंत झाली नाही. विषम चौकटीची तेवीस पानं निघाली, तिथं बिराजदारांचं नाव आणि त्यांची पाच पानं आली, प्रबंध पुन्हा तपासायला गेला, आणि जागा लातूरकडच्या एका तयार डॉक्टरनं घेतली. दिवाळीनंतर क्षमाची पीएचडी झाली, सम चौकटीवर, निम्म्या प्रबंधावर. बुद्धघोषांनी पेढे वाटले आणि शेजाऱ्याला सांगितलं, “आमच्या पोरीनं हुडकून हुडकून निम्मं घालवलं. पण ऱ्हायलंय ते वरिजनल.”

आता हे सगळं कुणाला केवढ्याला पडलं ते बघू. आण्णासाहेबांना काहीच पडलं नाही. त्यांचं नाव कॅनडात आहे, आता क्षमाच्या प्रबंधातही आहे, आणि त्यांनी आयुष्यात एकही चौकट भरलेली नाही. योगीराजांना एक फ्लेक्स पडला, तो वाऱ्यानं फाटला. क्षमाला नोकरी पडली. महांतप्पांना उभ्या नोकरीची इज्जत पडली. पण ती त्यांनी हिशेब करून, स्वतःच्या हातानं, सायकलवर नेऊन दिली होती. एकटी शरणम्मा अशी, की तिला कुणी विचारलंच नव्हतं. नळावरचं ऐकून घेतलं तिनं, घरी येऊन बोललीही तीच, आणि आता ते बोलणं परत घ्यायचं तर समोर माणूस नाही. पुतण्या सांगतो, म्हातारी हल्ली तूर निवडता निवडता मधेच दाणे चौकटीत मांडते, आणि निम्मे उचलून बाजूला ठेवते.